मापांची वही

गेल्या महिन्यात पाथर्डीचं घर आवरायला गेले होते. आजीचं पायमशीन मामाने भंगारवाल्याला दाखवूनही ठेवलं होतं. मी भांडून ते घरी आणलं (मामी अजून फोन उचलत नाही, असो). पण खरा ऐवज मशीनच्या खणात निघाला. बॉबिना, मोडक्या सुया, खडूचे तुकडे आणि त्यांच्याखाली आजीची मापांची वही.

आमच्याकडे आजीबद्दल विचारलं तर "घरबसल्या शिवायची" एवढंच सांगतात. ती शिकवायचीही, हे कुणी धड सांगत नाही. नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आजीचं ते नगरच) मुलींच्या हाती सुई देण्याची गोष्ट तशी फार जुनी. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर शिवणही असायचं. आपण वाचन लक्षात ठेवलं, शिवण विसरलो.

आजीचा क्लास पावसाळ्यात सुरू व्हायचा आणि दसऱ्याला गुंडाळायचा. पुढे शिकवणार कुणाला? दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जायची. मुली दुसरी-तिसरीत शाळा सुटलेल्या. आधी वर्तमानपत्रावर कटिंग, मग जुन्या धोतरावर, आणि नव्या खणाला हात सगळ्यात शेवटी. ब्लाऊजला छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच. पावकी-निमकी येत नसेल तर टेपची दोनदा घडी घाल, झाला पाव. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, त्यामुळे वहीत कापड मीटरमध्ये आहे, पण माप मात्र इंचातच. अजूनही आपले टेलर तेच करतात म्हणा.

वही चाळता चाळता १९७२ पाशी थांबले. त्या दुष्काळाचं आपण ऐकलंय ते मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळही तिथलंच. वहीत यातलं काहीच नाही. नवं शिवण जवळजवळ बंद. पानामागून पान नुसतं "आत घेतलं". रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या बायका जुनीच पोलकी घेऊन यायच्या, अंगावर सैल व्हायला लागली म्हणून. एकीचं माप सलग सापडलं. १९७१ च्या दिवाळीला छाती ३२. १९७२ च्या दिवाळीला ३०॥. १९७३ च्या उन्हाळ्यात २९॥. वय तेवीस, तेही आजीनेच लिहून ठेवलेलं.

मी मावशीला फोन करून विचारलं, या कामाचे पैसे किती घ्यायची गं? मावशी म्हणाली, "त्या वर्षी? दोरा त्यांनी आणायचा, बस." घरात आजोबांचा पगार नव्हता, हे मावशी बोलली नाही. मला ते माहीत आहे.

या नोंदींसमोर आजीने प्रत्येक ठिकाणी दोन शब्द लिहिलेत, "माया ठेवली". शिवण न येणाऱ्या भाचरांसाठी सांगते, शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. ब्लाऊज आत घेतला की ती कापून टाकली तर शिवण आतून सपाट बसते, टोचत नाही, दिसायलाही नीट. आजी सफाईच्या बाबतीत भयंकर कडक. वाकडी तुरपाई दिसली की सगळी उसवायला लावायची. पण त्या दोन वर्षांत तिने कुणाची माया कापलेली नाही. आतून गबाळं दिसलं तरी चालेल.

त्या तेवीस वर्षांच्या बाईची पुढची नोंद १९७४ च्या संक्रांतीची आहे. छाती ३१॥. शेजारी लिहिलंय, "उसवून सोडलं. नवीन कापड लागलं नाही."