ईस्टलेकचा सल्ला

घर नव्यानें सजवितांना सल्ला कोणाला विचारावा? गेल्याच्या मागील शतकांतील इंग्रज गृहस्थ तो बहुधा दुकानदारालाच विचारी. आणि जें खपवावयाचें तेंच सुंदर, असें दुकानदार सांगे. या परावलंबनावर चार्लस ईस्टलेकनें १८६८ सालीं ‘हिंट्स ऑन हाउसहोल्ड टेस्ट’ हा ग्रंथ लिहून हल्ला चढविला. लांकूड लांकडासारखें दिसावें. खुर्चीचे पाय उगाच वांकवूं नयेत, कारण त्यांत लांकूडही फुकट जातें आणि बळकटीही. गालिचा सपाट असतो, तेव्हां त्यावर उठावाचीं फुलें नकोत, असा त्याचा उपदेश. सल्ला कारागिराला नव्हे, गिऱ्हाइकाला होता, हें त्यांतील नावीन्य.

१८७२ सालीं बॉस्टनला अमेरिकन आवृत्ति निघाली, आणि तेथील कारखानदार यंत्रानें रेघोट्या कोरलेलें सामान ‘ईस्टलेक’ म्हणून विकूं लागले! १८७८ च्या आवृत्तींत बिचाऱ्या ग्रंथकारानें त्याविषयीं जाहीर नापसंती व्यक्त केली. माझ्या मतें दोष केवळ कारखानदारांचा नव्हे. ग्रंथांत आकृत्या विपुल होत्या, आणि तत्त्व पचविण्यापेक्षां आकृति उचलणें केव्हांही सोपें. नापसंतीचा उपयोग मात्र झाला नाहीं. अमेरिकेंतील जुन्या सामानाचे व्यापारी त्या खुर्च्यांना आजही ‘ईस्टलेक’च म्हणतात.