वय कोणाचं मोजतात?

मोर्च्यात मीही ओरडलो आहे. आपल्या वस्तीवर अत्याचार झाला, आरोपींत गावातलं एक सतरा वर्षांचं पोर होतं. ‘पोर कसलं, फाशी द्या’ ही घोषणा माझीच. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. पण दोस्तहो, नंतर मी इतिहास उघडला आणि घोषणा घशात अडकली.

१८९७ साल घ्या. त्या एका वर्षात इंग्रज सरकारनं दोन कायदे केले. एक सुधारशाळांचा. पंधरा वर्षांखालच्या मुलानं गुन्हा केला तर त्याला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडता येईल. दुसरा, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातली दुरुस्ती. या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवता येतील. पहिल्या पोरानं निदान काहीतरी केलेलं असायचं. दुसऱ्यानं काय केलं होतं? जन्म घेतला होता. चार वर्षांचं पोर! आणि याच सरकारच्या १८६० च्या दंडविधानात, कलम ८२ मध्ये लिहिलेलं, की सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. ते कलम पालापर्यंत पोचलंच नाही.

हे पाप एकट्या गोऱ्याचं, असं म्हणून हात झटकू नका. एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगवेगळा दंड, हे मनुस्मृतीत आधीच होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ती जाळली, ती काय हौस म्हणून?

१९११ च्या कायद्यानं हे सारं मुंबई इलाख्यातही आलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. माणसांची हजेरी, गुरांसारखी. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. कागदावर. ठाण्यातल्या डोक्यातनं गेला का?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. फार भयानक प्रकरण. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहाजण धरले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक घटनेच्या वेळी अठराच्या आतला होता, हे नंतर मान्य झालं. म्हणजे फाशी सुनावताना त्याचं वय कुणी नीट विचारलंच नव्हतं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. पोरासकट सहाजण लटकले असते तर हे पाच लाख कुणाच्या हातावर ठेवले असते?

दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर देश पेटला, आणि २०१५ मध्ये नवा बालन्याय कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ त्याची समज तपासतं आणि मोठ्यासारखा खटला चालवायला पाठवू शकतं. फाशी देता येत नाही, एवढं बरं. पण समज तपासणार कोण? समोर पाटलाचं पोर आलं तर शाळेचा दाखला, वकील, ‘चुकलं हो पोरगं’ म्हणणारे चार प्रतिष्ठित. पालावरच्या पोराला जन्माचा दाखलाच नाही. त्याचं वय ठाणेदार ठरवणार, आणि समज तर त्याच्या जातीच्या नावातच आहे असं धरून चालणार.

ते गावातलं पोर सुटावं असं मी म्हणत नाही. ॲट्रॉसिटीचा खटला चाललाच पाहिजे, मुलांच्या कोर्टात का होईना. पुढच्या बैठकीत घोषणा नव्याने लिहायला घ्या. जुनी मी देणार नाही.