अळंबे, कुत्र्याची छत्री आणि अमानिटीन

पावसाळा सुरू झाला की कासारसाईसारख्या मुळशी तालुक्यातील गावांच्या परिसरात भूछत्रे उगवू लागतात. मराठीने त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग केले आहेत: खाण्याजोगे ते ‘अळंबे’, त्याज्य ती ‘कुत्र्याची छत्री’. ह्या नामभेदामागील ज्ञानाचे मोल किती आणि मर्यादा कोणती, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

भूछत्रांचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. मनुस्मृतीने कवक व छत्राक द्विजांस निषिद्ध ठरविले. सुश्रुतसंहितेने मात्र पेंढा, ऊस, शेण, बांबू व भूमी अशी उगमस्थाने सांगून त्यांचे गुणदोष वेगळे मानले. लोकव्यवहाराची दृष्टीही हीच. वारुळावरचे अळंबे ग्राह्य, उकिरड्यावरची छत्री वर्ज्य. वारुळाशी निगडित अशा ह्या गणास रॉजे हाइम ह्यांनी 1942 साली ‘टर्मिटोमायसेस’ हे शास्त्रीय नाव दिले.

पाश्चात्त्य इतिहास निराळा आहे. ग्रीक भाषेत ‘अमानिताइ’ हे भूछत्रांचे नाव होते. पुढे ते एका गणास मिळाले आणि त्यावरून विषाचेही नाव सिद्ध झाले. 1869 साली श्मीडेबेर्ग व कोप्पे ह्यांनी मस्करीनवरील संशोधन प्रसिद्ध केले. 1937 साली ल्यूनेन व उलरिश वीलांट ह्यांनी फॅलॉइडीन, तर 1941 साली हाइनरिश वीलांट व हालरमायर ह्यांनी अमानिटीन स्फटिकरूपात मिळविले. आठ अमिनो आम्लांचे हे वलयाकार संयुग पेशीतील आरएनए घडविणाऱ्या एका विकराचे कार्य रोखते. त्यामुळे यकृत निकामी होते. शिजविल्याने ते नष्ट होत नाही.

भाषाभ्यासकास महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लोकभाषेतील नावे अनुभवातून घडतात, आणि अनुभवास कार्य व कारण जवळजवळ असावे लागतात. मस्करीनची बाधा बहुधा दोन तासांच्या आत दिसते. अमानिटीनची बाधा साधारणतः सहा ते चोवीस तासांनी सुरू होते. उलट्या-जुलाब थांबून रोगी सावरल्यासारखा वाटतो आणि त्यानंतर यकृताचा ऱ्हास प्रकट होतो. इतक्या अवधीत दोष शिळ्या अन्नाकडे, पाण्याकडे किंवा दृष्ट लागण्याकडे जाणे स्वाभाविक आहे. अशा विषाची खूण नावात उमटणे कठीण.

म्हणून ‘अळंबे’ हा शब्द जाणत्याच्या मुखी, त्याच्या परिचयाच्या रानापुरताच प्रमाण मानावा. तो शब्द शिकून परक्या रानात शिरणाऱ्यास मिळते ते केवळ नाव. त्यामागील पारख नव्हे. शब्दसंग्रह करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी नावाबरोबर जागा, ऋतू व ओळखणाऱ्याची परीक्षाही नोंदवावी. अर्थ तेथेच वसतो.