मॉडेल ३३ : एका दूरमुद्रकाची शुश्रूषा

अमेरिकेत शिकागो शहराच्या उत्तरेस स्कोकी नावाचे एक उपनगर आहे. टेलिटाइप कॉर्पोरेशन या कंपनीचा कारखाना तेथे होता. या कंपनीने १९६३ साली एक नवा दूरमुद्रक बाजारात आणला. त्याचे नाव साधेच होते : मॉडेल ३३. मूळ आखणी अमेरिकी नौदलासाठी झाली होती. पुढे तो कोणालाही विकत मिळू लागला. चोवीस तास राबणाऱ्या कचेऱ्यांसाठी याच घराण्यातला मॉडेल ३५ हा भारदस्त भाऊ होता. मॉडेल ३३ मात्र हलक्या कामाचा, स्वस्त, जेथे दिवसातून थोडा वेळच संदेश यावयाचे अशा जागेसाठी घडविलेला. त्याच्या अंगात पोलाद होते, तसे प्लॅस्टिकही पुष्कळ होते. असे यंत्र साठ वर्षांनंतर कोणी टेबलावर घेऊन, भिंग लावून, त्याच्या एकेका स्प्रिंगेची चौकशी करीत बसेल, ही गोष्ट ते घडविणाऱ्यांच्या मनातही आली नसावी.

दूरमुद्रक हे यंत्र भारतीय श्रोत्यांना सर्वस्वी अपरिचित नाही. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून आणि तारघरांतून त्याची खडखड कित्येकांनी ऐकलेली असेल. मद्रासला १९६० साली हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला, आणि २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद होईपर्यंत या यंत्रांची आठवण तरी लोकांत जिवंत होती. परंतु तारेचे ते जुने दूरमुद्रक पाच खुणांच्या संकेतावर चालत. पाच खुणांतून फार थोडी चिन्हे निघतात. म्हणून अक्षरे आणि अंक यांना एकच संकेत वाटून घ्यावा लागे. मॉडेल ३३ ने सात खुणांचा नवा संकेत स्वीकारला. आस्की या नावाने तो त्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये, प्रथम प्रसिद्ध झाला होता. नवा संकेत आणि स्वस्त यंत्र यांची गाठ पडली, आणि ज्यांना संगणकाशी संवाद करावयाचा होता त्यांच्या हाती आयतेच साधन आले.

त्यानंतरचा इतिहास वेगाने घडला. १९६४ च्या मे महिन्यात डार्टमथ महाविद्यालयात अनेक विद्यार्थी एकाच संगणकाशी एकाच वेळी बोलू लागले, ते टेलिटाइपच्या द्वारे. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली रचली, तीही याच यंत्राच्या कळा दाबून. युनिक्समधील आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या, काटकसरीच्या का, याचे एक कारण त्या जड कळा आणि दर सेकंदाला दहा अक्षरे हा त्यांचा वेग होय. त्या प्रणालीच्या वंशजांत टर्मिनलाला आजही 'टीटीवाय' म्हणतात. ते टेलिटाइपचेच संक्षिप्त रूप. १९७५ साली पॉल ॲलन न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे कागदी फितीचे एक भेंडोळे घेऊन गेले, ऑल्टेअर नावाच्या छोट्या संगणकात ती फीत भरली आणि दोन अधिक दोन किती असे विचारले. चार हे उत्तर टेलिटाइपने कागदावर उमटविले. सहा लाखांहून अधिक यंत्रे बनवून झाल्यावर १९८१ साली मॉडेल ३३ चे उत्पादन थांबले. तोवर काचेच्या पडद्याची टर्मिनले आली होती. ती मुकाट्याने काम करीत, आणि कागद खात नसत.

आता हे यंत्र दुरुस्तीला येते ते बहुधा एखाद्या तळघरातून किंवा शाळेच्या अडगळीतून. त्याची पहिली व्याधी म्हणजे त्याचेच औषध. मॉडेल ३३ च्या अंगात शेकडो ठिकाणी तेल आणि ग्रीस घालावयाचे असते. नमद्याच्या छोट्या चकत्या तेलात भिजवून बसविलेल्या असतात. तीस-चाळीस वर्षांत तेलाचा डिंक होतो, आणि जे सरकले पाहिजे तेच चिकटून बसते. अननुभवी मनुष्य यंत्र येताच वीज जोडून पाहतो. मोटर फिरू लागते, पण चिकटलेली तरफ हलत नाही, आणि मधला प्लॅस्टिकचा दुवा तुटतो. जाणता दुरुस्तीकार म्हणून कित्येक दिवस विजेला हातच लावीत नाही. तो प्रथम यंत्र धुतो, पुसतो, नवे तेल देतो, आणि मुख्य दांडा हाताने हळूहळू फिरवून पाहतो.

दुसरी व्याधी छपाईच्या हातोडीची. टंकलेखन यंत्रात प्रत्येक अक्षराला वेगळा दांडा असतो. येथे तसे नाही. चौसष्ट चिन्हे एका लहान दंडगोलावर, चार मजल्यांत, प्रत्येक मजल्यावर सोळा, अशी कोरलेली असतात. हवे ते अक्षर समोर येईल असा तो दंडगोल फिरतो, वर-खाली होतो, आणि मागून हातोडी त्यावर आघात करते. हातोडीच्या टोकाला रबरासारख्या मऊ पदार्थाची टोपी असते. ती काळाने वितळून चिकट होते किंवा गळून पडते. टोपीवाचून उघडी हातोडी चालली की प्लॅस्टिकची अक्षरे थोड्या वेळात फुटू लागतात, आणि नवा दंडगोल मिळणे सोपे नाही. तेव्हा योग्य जाडीच्या नळीचा तुकडा कापून हातोडीवर चढवितात. उपाय घरगुती आहे, पण गुणकारी आहे.

या कामात दुरुस्तीकाराला गुरू म्हणजे कंपनीची जुनी पुस्तके. त्यांची भाषा कोरडी, पण अतिशय प्रामाणिक आहे. प्रत्येक जोडणीखाली आधी अपेक्षा सांगतात : या दोन भागांत इतक्या सहस्रांश इंचाचे अंतर असावे, ही स्प्रिंग ताणावयास इतके औंस लागावेत. मग अंतर बसत नसेल तर कोणता स्क्रू सैल करावा, कोणता भाग सरकवावा, ते येते. अंतर मोजावयास पातळ पत्र्यांचे गेज आणि ताण मोजावयास स्प्रिंगकाटा, एवढीच हत्यारे. एक जोडणी दुसरीवर अवलंबून असल्यामुळे क्रम मोडता येत नाही. मधूनच एखादा स्क्रू फिरविणाऱ्याला पुढे सगळाच पाढा पहिल्यापासून म्हणावा लागतो.

विजेच्या बाजूचे गणित निराळे. आजचे संगणक ज्या पद्धतीने संदेश धाडतात ती या यंत्राला कळत नाही. त्याला वीस मिलिअँपिअरचा अखंड प्रवाह लागतो, आणि दोहोंत दुभाष्याचे काम करणारे छोटे मंडल जोडावे लागते. गंमत अशी, की प्रवाह चालू असेल तेव्हा हे यंत्र शांत बसते, आणि प्रवाह तुटला की बेभान होऊन खडखडू लागते. नवशिक्याला वाटते की यंत्र बिघडले. वस्तुतः ही तारयंत्राच्या काळची शहाणी व्यवस्था आहे : दूरची तार तुटली तर ते ऐकू आले पाहिजे. कारकून झोपला असला तरी त्या आवाजाने जागा झाला असता!

यंत्र प्रथम तारेवर न जोडता स्वतःशीच बोलते करतात. समोरच्या खटक्यावर तशी सोय आहे. कळ दाबली की तेच अक्षर आपल्या कागदावर उमटावे. कसोटीसाठी इंग्रजी 'यू' आणि तारांकन ही दोन चिन्हे आळीपाळीने पाठवितात. या निवडीला कारण आहे. सात बिटांपैकी पहिले, तिसरे, पाचवे, सातवे 'यू'मध्ये असतात, आणि नेमके उरलेले तारांकनात. त्यामुळे एकाच्या पाठोपाठ दुसरे गेले की यंत्राची प्रत्येक तरफ आळीपाळीने उठते आणि बसते.

खरी परीक्षा मात्र चुकीच्या छपाईची. समजा, कागदावर 'ए'च्या जागी 'ॲट'चे चिन्ह उमटते, 'सी'च्या जागी 'बी' आणि 'ई'च्या जागी 'डी' उमटतो. पण मूळचा 'बी' आणि 'डी' बरोबर येतात. जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणारा पंडित जसा चुकांच्या जातीवरून लेखनिकाची खोड ओळखतो, तसा येथे दुरुस्तीकार एका दृष्टिक्षेपात सांगतो की पहिले बिट वाटेत हरवत आहे. मग तो एकच संपर्क, एकच तरफ, एकच तार तपासतो. दोष पुष्कळदा डिस्ट्रिब्यूटरमध्ये सापडतो. ही एक खंडांत विभागलेली चकती असते. तिच्यावरून कार्बनचा ब्रश फिरतो आणि एकाच वेळी दाबलेल्या खुणा एकामागून एक तारेवर सोडतो. आरंभाची एक खूण, मजकुराच्या आठ, विरामाच्या दोन, अशा अकरा खुणा, एका सेकंदाच्या दहाव्या भागात. एका खंडावर काजळी बसली की तेवढी खूण गेली. चकती पुसली की भाषा शुद्ध होते.

या दुरुस्तीतून संगणकाच्या रूढींची मुळे हाताला लागतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच या खटाटोपाची मोठी कमाई आहे. ओळीच्या शेवटी दोन आज्ञा का जातात, हा प्रश्न घ्या. एक आज्ञा छपाईचा गाडा डावीकडे आणते, दुसरी कागद एक ओळ सरकविते. गाडा बहात्तर अक्षरांचे अंतर स्प्रिंगेच्या ओढीने धावत येतो आणि शेवटी त्याचा दट्ट्या एका नळकांड्यात शिरून हवेच्या गादीवर थांबतो. हा प्रवास एका अक्षराच्या वेळात पुरा होत नाही. गाड्याची आज्ञा आधी आणि कागदाची नंतर दिली, की दुसरीच्या वेळात गाड्याला घरी पोहोचावयास उसंत मिळते. ज्याने त्या नळकांड्याचे छोटे छिद्र कमी-जास्त करून, गाडा न आदळता आणि न रेंगाळता थांबेल असे जमविले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. विंडोज संगणकांवरील मजकुराच्या फाइलींत त्या दोन आज्ञा आजही प्रत्येक ओळीच्या टोकाला बसलेल्या असतात. गाडा मात्र कधीच गेला.

कागदी फितीचेही असेच. फितीला पडलेले भोक बुजविता येत नाही. म्हणून चुकलेल्या अक्षरावर सगळीच भोके पाडीत, आणि वाचणाऱ्या यंत्राने तिकडे दुर्लक्ष करावे असा संकेत होता. आस्कीत पुसण्याचे चिन्ह अगदी शेवटचे, एकशे सत्ताविसावे, सर्व बिटांचे, ते यामुळेच. फीतवाचक दुरून थांबविण्याची आणि सुरू करण्याची जी दोन चिन्हे मॉडेल ३३ वर होती, तीच आज कित्येक टर्मिनलांवर मजकुराचा ओघ रोखतात आणि पुन्हा सोडतात. वापरणाऱ्याला ती विनाकारण योजलेली वाटतात. यंत्रात मात्र प्रत्येकीसाठी खाचा असलेल्या पट्ट्या आणि त्यांत पडणारी एक तरफ प्रत्यक्ष दिसते.

एक भाग विशेष हृद्य आहे. पलीकडून 'कोण आहे?' असा संकेत आला की यंत्राने आपले नाव सांगावे, यासाठी आत एक लहानसे प्लॅस्टिकचे पिंप बसविलेले असते. त्याचे दात मोडून मोडून सुमारे वीस अक्षरांचे नाव एकदाच लिहावयाचे. मोडलेला दात परत लागत नाही. पुष्कळ यंत्रांची पिंपे कोरीच राहिली. पण जेथे दात मोडलेले आहेत तेथे बेवारस म्हणून आलेले यंत्र, दुरुस्त होऊन प्रथमच चालू लागले की, आपल्या पहिल्या मालकाच्या कचेरीचे नाव छापते. कागदपत्र हरवलेले असले तरी तेवढा दाखला उरतो.

अशा यंत्रांचे काय करावे, याविषयी जाणकारांत दोन मते आहेत. संग्रहालयाचे पारंपरिक मत असे, की मूळ वस्तूला हात लावू नये. चालविली की ती झिजते, आणि नवा भाग घातला की पुरावा बिघडतो. दुसरे मत असे, की न चालणारा दूरमुद्रक ही केवळ एक पेटी आहे. तिचा वेग, आवाज, कळांचा जडपणा यांतच तिचा इतिहास आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण पारडे दुसऱ्या मताकडेच झुकते, कारण आराखडे आणि पुस्तके जपता येतात, हाताचे कसब जपावयास यंत्र चालते लागते. सिएटल येथे पॉल ॲलन यांनीच 'लिव्हिंग कॉम्प्युटर्स' हे संग्रहालय याच विचाराने उभारले आणि २०१२ साली लोकांना खुले केले. तेथे जुनी यंत्रे केवळ मांडलेली नव्हती. प्रेक्षक त्यांच्या कळा दाबू शकत. ॲलन २०१८ साली निवर्तले. २०२० मध्ये संग्रहालयाचे दार बंद झाले, ते पुन्हा उघडणार नाही असे २०२४ साली जाहीर झाले, आणि संग्रहातील पुष्कळ वस्तू लिलावात निघाल्या. वस्तूंना गिऱ्हाईक मिळाले. त्या रोज चालत्या ठेवणाऱ्या मंडळींचे कसब लिलावाच्या यादीत येणे शक्यच नव्हते.

दोन मतांत मध्यम मार्ग काढणारे दुरुस्तीकारही आहेत. ते बदललेला प्रत्येक भाग, मग ती वितळलेल्या रबराची टोपी का असेना, एका पाकिटात घालतात, त्यावर तारीख आणि जागा लिहितात, आणि ते पाकीट यंत्राच्याच पायथ्याच्या पोकळीत बांधून ठेवतात.