बायसनचा फोटो आणि १८९४चा हिवाळा

बायसन म्हटलं की आपल्याला दाजीपूरचा गवा आठवतो. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या दूरच्या अमेरिकी भाऊबंदाची आहे.

त्याचे जुने फोटो शोधायला बसलो की आधी समोर येतो १८९२चा एक फोटो. डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात बायसनच्या कवट्यांचा डोंगर रचलाय. एक माणूस माथ्यावर उभा आहे, दुसरा पायथ्याशी. कातड्यांसाठी लाखो बायसन मारले गेले आणि उरलेली हाडं खतासाठी, साखर शुद्ध करायच्या कोळशासाठी इथं पोचली.

रानातले थोडे बायसन उरले होते यलोस्टोनमध्ये. हे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झालं, १८८६पासून तिथं लष्कराचा पहारा होता. पण शिकाऱ्याला शिक्षा करणारा कायदाच नव्हता. सामान जप्त करायचं आणि हद्दीबाहेर हाकलायचं, बस्स.

मार्च १८९४. फ्रँक हेन्स हा फोटोग्राफर आणि इमर्सन हफ हा पत्रकार भर बर्फात उद्यानात फिरत होते. हेन्सचा धंदा पर्यटकांना निसर्गदृश्यांचे फोटो विकायचा. त्याच दिवसांत लष्कराचा वाटाड्या फेलिक्स बर्जेस यानं एडगर हॉवेल नावाच्या शिकाऱ्याला बायसनचं कातडं सोलताना पकडलं. कैद्याला घेऊन तो परतत असताना या दोघांची त्याच्याशी गाठ पडली. हेन्सनं फोटो काढले, हफनं बातमी पाठवली. 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम'चा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यानं ती उचलून धरली. ७ मे १८९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांची कायद्यावर सही झाली. आता शिकारीला दंडही होता आणि तुरुंगही.

कायदा झाला म्हणून बायसन लगेच वाढले नाहीत. १९०२मध्ये यलोस्टोनच्या रानात जेमतेम दोन डझन उरले होते. बाहेरून पाळीव बायसन आणून कळप वाढवावा लागला. आज तिथं ते हजारोंनी आहेत.

मला या गोष्टीत हेन्स महत्त्वाचा वाटतो. तो आला होता देखण्या चित्रांसाठी. वाटेत गुन्हा दिसला, तेव्हा त्यानं कॅमेरा तिकडेही वळवला.

आज यलोस्टोनमध्ये बायसनपासून किमान २३ मीटर लांब राहायचा नियम आहे. तरी सेल्फीसाठी जवळ जाऊन लोक शिंगावर घेतले जातात. कवट्यांचा तो डोंगर पाहिल्यावर २३ मीटर मला फार वाटत नाहीत. समोर जिवंत बायसन आहे, हेच पुष्कळ झालं. झूम आहेच की आपल्या फोनला.