शनिवारी थांबणारा घाणा

सास्तूर-लोहाऱ्याकडच्या, करडई-जवसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला बैलघाणा समजावून सांगायला नको. डोळ्यांना झापड बांधलेला बैल, उखळात फिरणारी लाट, झिरपणारे तेल आणि मागे उरणारी पेंड. बैल फिरेल तितके तेल, आणि घाणा थांबला की त्या दिवसाची कमाई गेली. तिकडे कोकणात अलिबाग, पेण, रोहे, चौलच्या गावांमधून हाच धंदा करणारा एक समाज आठवड्यातला एक दिवस बैल सोडून ठेवायचा. तो दिवस शनिवारचा, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. हे यहुदी लोक स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरे म्हणवत. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही त्यांची मूळकथा. तिच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न वेगळा आहे. देवावर पूर्ण मनाने निष्ठा ठेवा असे ज्या ग्रंथाने बजावले, तो ग्रंथच हाताशी नसताना ती निष्ठा टिकते का? आणि टिकली, तर ती कशी ओळखायची?

मद्रासकडच्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या पत्रात या लोकांची नोंद आहे. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नाही, हिब्रू येत नाही, प्रार्थना म्हणून फक्त ‘शेमा’ तेवढी येते, असे त्याला समजले होते. एवढेच उरले होते खरे. पण जे उरले ते काय आहे हे पाहायला हवे. ‘शेमा’ हे अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले वचन. देव एकच आहे, आणि त्याच्यावर सगळ्या मनाने, सगळ्या जिवाने, सगळ्या बळाने प्रीती करायची, हे त्याचे सार. त्यातल्या ‘लेवाव’ या शब्दाचे भाषांतर हृदय असे करतात. परंतु जुन्या हिब्रूत विचार आणि निश्चय यांचे ठिकाणही तेच. म्हणजे आपले ‘मन’च. शिवाय ‘शेमा’ याचा अर्थ ऐक. मराठी माणसाला यावर वेगळे भाष्य लागत नाही. पोरगा आईचे ऐकतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी बोलत नसतो. हिब्रू ग्रंथांत निष्ठा अशी ऐकण्यातून, म्हणजे करण्यातून दिसते. शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाला सुनावले तेही हेच: यज्ञबळींपेक्षा आज्ञापालन थोर.

यावर पहिला आक्षेप असा की, शनिवारची सुटी ही निष्ठा नसून नुसती जातीची रीत होती. आक्षेप हलका नाही. कोकणात सोमवार तेलीही होते. ते शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत. शिवाय शनिवारी तेल विकत आणू नये अशी समजूत अनेक घरांत आहेच, तेव्हा त्या दिवशी गिऱ्हाईक बुडण्याची भीतीही फारशी नसेल. एकटा शनिवार पुराव्याला धरला, तर मीही हा आक्षेप मान्य करीन. पण तो एकटा नाही. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, हा नेम शेजारच्या हिंदूंकडून येणे शक्य नव्हते. मुसलमानांकडून यावा, तर त्यांच्यात आठव्याच दिवसाचा आग्रह नाही. तो येतो थेट उत्पत्ती या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातून, अब्राहामाशी झालेल्या करारातून. मासळीचे पाहा. लेवीय ग्रंथ म्हणतो, पर आणि खवले असलेलेच मासे खा. आता कोकणच्या किनाऱ्यावर, भरतीओहोटीच्या तालावर जगणाऱ्या घराने कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या पिढ्यानपिढ्या ताटाबाहेर ठेवायच्या, म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला विचारावे. कोणी दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी आला, त्याने बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले आणि त्यांनी खवल्याचे तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याने आपली माणसे ओळखली, ही कथा या समाजात सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण ओळखीची खूण म्हणून तिने स्वयंपाकातली निवड धरली, यातच समाजाने स्वतःला कशावरून मोजले ते दिसते. आणि बैलाविषयी: शब्बाथाच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळायच्या विसाव्याच्या, आज्ञेत धन्याबरोबर चाकर, बैल आणि गाढव यांनाही विसावा द्यायला सांगितले आहे. शुक्रवारी दिवस मावळल्यावर झापड सुटलेला बैल गोठ्यात उभा राही, तेव्हा ती आज्ञा अक्षरशः पाळली जात होती, कोणाला ती वाचता येत नसली तरी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. सगळ्या मनाने म्हणायचे आणि अर्धे विसरायचे, उरलेल्यात आजूबाजूचे मिसळायचे, ही कसली एकनिष्ठा? मिसळण झालीच होती. लग्नात मेंदी आली, नावे मराठी वळणाची झाली. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात. यातले निरुपद्रवी सोडून द्यावे. पण विधवाविवाहाविषयीची नाखुशी त्यांच्या शास्त्रातली नव्हती, आणि गोरे व काळे इस्राएल असा आपसातला भेद तर त्या शास्त्राच्या विरुद्धच जाणारा होता. तिथे ते ऐकायला कमी पडले, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. विसरण्याबद्दल मात्र त्याच ग्रंथांत एक उत्तर आहे. यरुशलेमात, खुद्द मंदिरात, नियमशास्त्राचा ग्रंथ हरवला होता. इसवी सनापूर्वी ६२२च्या सुमारास, योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, डागडुजी करताना तो सापडला आणि वाचून दाखवल्यावर राजाने कपडे फाडले. सगळ्या मनाने, जिवाने, बळाने देवाकडे वळला, असे त्या तिन्ही शब्दांत राजांच्या इतिहासात फक्त याच राजाविषयी म्हटले आहे. म्हणजे कधीच न विसरलेल्याला नव्हे, विसरलेले ऐकताच वळलेल्याला तो मान मिळाला.

बेने इस्राएलांची खरी परीक्षाही ग्रंथ सापडला तेव्हाच झाली. आपल्या भाषेत तो सापडला मिशनऱ्यांच्या हातून. अमेरिकन मिशनने कोकणात शाळा काढल्या, पवित्र शास्त्र मराठीत आणले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. उद्देश ख्रिस्ती करण्याचा होता, पण ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. बाकीच्यांनी मिळालेल्या अक्षरओळखीतून आपलेच शास्त्र उघडले. १८८० साली त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि अब्राहाम, योसेफ, दावीद यांची आख्याने कीर्तनातून मराठीत लावली. त्याआधी १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्रीचा विधी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यात चित्रेही आहेत. मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या आठवणीसाठी बेखमीर भाकरी करायच्या असतात. एका चित्रात इथल्याच लुगड्यातल्या बायका जमिनीवर बसून त्या पिठाला लागल्या आहेत.