घरचे अंगण आणि पहिली हार

ऑक्टोबर २००४ चा शेवटचा आठवडा खेळांच्या इतिहासात दोन ठिकाणी नोंदला गेला आहे. त्यातले एक ठिकाण आमच्या रामटेकपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, म्हणजे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान. दुसरे ठिकाण पार अमेरिकेत. नागपूरला २६ ते २९ ऑक्टोबर या चार दिवसांत भारत ऑस्ट्रेलियाकडून ३४२ धावांनी हरला. त्याच आठवड्यात, २७ तारखेला, बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने १९१८ नंतर पहिल्यांदा तिकडची अजिंक्यपदाची मालिका जिंकली.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजींना या वयात बेसबॉल कुठून सुचला? तर माझा एक पुतण्या न्यू जर्सीला असतो, तो दर दिवाळीला फोनवर या खेळाबद्दल बोलतो. त्यातला खेळ मला फार कळत नाही, पण त्यातले गणित कळते. तिकडे बाद फेरीत एका सामन्यावर निकाल लावत नाहीत. त्याच दोन संघांत तीन, पाच किंवा सात सामने ठेवतात आणि निम्म्याहून जास्त जिंकेल तो पुढे जातो. काही सामने याच्या घरी, काही त्याच्या घरी. म्हणजे आपल्या कसोटी मालिकेचाच हा भाऊ म्हणायचा. आणि दोन्हीकडे एकच प्रश्न येतो. घरचा संघ सुरुवातीलाच मागे पडला, तर पुढे काय होते?

रेड सॉक्सचे उदाहरण यासाठीच घेतले. अंतिम मालिकेच्या आधीच्या फेरीत त्यांची गाठ न्यू यॉर्कच्या यांकीजशी होती. पहिले दोन सामने ते परगावी हरले. तिसरा घरी होता, तोही ८ विरुद्ध १९ असा सपाटून हरले. आणखी एक हार म्हणजे घरी बसणे. चौथ्या सामन्यातही शेवटच्या डावात ते एका धावेने मागे होते. तिथून त्यांनी बरोबरी केली, जादा डाव खेळून मध्यरात्रीनंतर सामना जिंकला, पाचवाही घरीच जादा डावांत जिंकला आणि मग न्यू यॉर्कला जाऊन उरलेले दोन जिंकले. ०-३ वरून ४-३! त्या खेळाच्या सर्वोच्च पातळीवर असे दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलेले नाही.

आणि आपले नागपूर? त्या मालिकेत चार कसोट्या होत्या. बंगळूरला पहिली आपण २१७ धावांनी हरलो. चेन्नईला मात्र संधी आली होती. कुंबळेने सामन्यात १३ बळी घेतले, सेहवागने १५५ केले आणि शेवटच्या दिवशी दहा गडी हाताशी असताना २१० धावा करायच्या होत्या. तो सगळा दिवस पावसाने नेला. मग नागपूर. सौरव गांगुली सकाळी खेळायला उतरला नाही, हरभजन आजारी. खेळपट्टीवर गवत होते आणि ते गिलेस्पीला फार मानवले. त्याने सामन्यात नऊ बळी घेतले. भारताचे डाव १८५ आणि २०० वर आटोपले. ऑस्ट्रेलियाने भारतात तब्बल ३५ वर्षांनी मालिका जिंकली, तीही आमच्या अंगणात. त्या गवतावर तेव्हा वर्तमानपत्रांनी जेवढे रकाने लिहिले तेवढे सामन्यावरही लिहिले नसतील. गवत कोणी ठेवले आणि का, या वादात मी पडत नाही. एवढेच म्हणतो की, यजमान मागे पडला की घरातली माणसे आधी एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. हे लग्नघरापासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे सारखेच.

पण इतिहास एकाच पानाचा नसतो. मागची पाने उलटून पाहू या.

घरच्या मालिकेतली पहिलीच कसोटी हरायची आणि तरी मालिका जिंकायची, असे भारताने पाच वेळा केले आहे. पहिले उदाहरण १९७२-७३ चे. इंग्लंडचा संघ टोनी लुईसच्या नेतृत्वाखाली आला होता, आपला कर्णधार अजित वाडेकर. दिल्लीला चंद्रशेखरने पहिल्या डावात ८ बळी घेऊनही आपण सहा गड्यांनी हरलो. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये जिंकून आलेला हा संघ, आणि घरी पहिल्याच सामन्यात हार! मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. रामटेकच्या बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर रेडिओ लागायचा आणि दहा-पंधरा माणसे थंडीत शाली पांघरून उभी असायची. नव्या वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्याला इंग्लंडला १९२ धावा हव्या होत्या. बेदीने पाच आणि चंद्रशेखरने चार बळी घेतले आणि आपण २८ धावांनी जिंकलो. मद्रासला चार गड्यांनी जिंकलो, पुढचे दोन सामने अनिर्णित राहिले आणि मालिका २-१ अशी आपली झाली. चंद्रशेखरचे त्या मालिकेत ३५ बळी झाले.

त्याहून मला जवळची वाटते ती मात्र हरलेली मालिका आहे. १९७४-७५ मध्ये क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज आला. बंगळूरला ग्रीनिज आणि रिचर्ड्स यांची ती पहिलीच कसोटी, आपण २६७ धावांनी हरलो. दिल्लीला रिचर्ड्सच्या नाबाद १९२, आपण डावाने हरलो. पाच सामन्यांत ०-२. मी शाळेत नवा होतो. शिक्षकांच्या खोलीतले जुने शिक्षक म्हणाले, आता रेडिओचे सेल फुकट घालवू नका. पण कलकत्त्याला विश्वनाथने १३९ केले आणि आपण ८५ धावांनी जिंकलो. मद्रासला संघाच्या १९० धावांपैकी ९७ एकट्या विश्वनाथच्या, त्याही नाबाद, आणि आपण शंभर धावांनी जिंकलो. २-२! पाचवा सामना मुंबईला, नव्या कोऱ्या वानखेडे स्टेडियमवरचा पहिला कसोटी सामना. लॉइडने नाबाद २४२ केल्या आणि आपण २०१ धावांनी हरलो. मालिका ३-२ ने गेली. पण ०-२ वरून २-२ होतानाचे ते तीन-चार आठवडे ज्यांनी रेडिओला कान लावून घालवले, त्यांना ती मालिका हरल्यासारखी कधी वाटलीच नाही.

त्या मुंबईच्या सामन्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॉइडचे द्विशतक झाल्यावर एक तरुण प्रेक्षक त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारले आणि प्रेक्षक इतके भडकले की खेळ थांबवावा लागला. मला त्यात दंगलीपेक्षा त्या तरुणाचे धावणे महत्त्वाचे वाटते. आपला संघ मार खात असताना पाहुण्याच्या कर्तृत्वाला दाद द्यायला धावणारा यजमान! असे प्रेक्षक असणे हीसुद्धा घरच्या मैदानाची श्रीमंतीच.

२००१ ची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबईला तीन दिवसांत दहा गड्यांनी हार, ऑस्ट्रेलियाचा तो ओळीने सोळावा विजय. कलकत्त्याला २७४ धावांनी मागे पडून फॉलोऑन. मग लक्ष्मण २८१, द्रविड १८०, दोघांची ३७६ ची भागी आणि चौथा अख्खा दिवस एकही गडी बाद नाही. आपण १७१ धावांनी जिंकलो, चेन्नईला दोन गडी राखून जिंकलो. यात शिक्षकाच्या नजरेला दिसणारी गोष्ट अशी की, दुसऱ्या डावात लक्ष्मणला फक्त तिसऱ्या क्रमांकावर पाठवले गेले. माणूस तोच, जागा बदलली. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारे पोर पुढे आणून बसवले की कधी कधी तेच पोर वर्ग चालवते, हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे.

चौथी जागा २०१७ ची, आपल्या महाराष्ट्रातली. पुण्याजवळ गहुंजेला पहिलीच कसोटी. फिरकीला मदत करणारी खेळपट्टी, आणि बळी कोणी घ्यावेत? ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने! दोन्ही डावांत ३५ धावांत ६. आपण १०५ आणि १०७ वर बाद, ३३३ धावांनी हार. सामनाधिकाऱ्याने खेळपट्टीला निकृष्ट ठरवले. तरीही बंगळूरला ७५ धावांनी जिंकलो, रांचीला पुजाराने ५२५ चेंडू खेळून २०२ केले, धरमशाला जिंकले आणि मालिका २-१. पुढे २०२१ आणि २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्धही असेच झाले. चेन्नईला २२७ धावांनी हरून ३-१, हैदराबादला १९० धावांची आघाडी असताना २८ धावांनी हरून ४-१.

मग वाटू लागले की घरी पहिली हार म्हणजे दृष्ट काढण्यापुरतीच. तो भ्रम २०२४ च्या शेवटी उतरला. न्यूझीलंडविरुद्ध बंगळूरला ४६ सर्वबाद, पुण्याला पुन्हा फिरकीच्या खेळपट्टीवर सँटनरचे १३ बळी, मुंबईला १४७ धावा हव्या असताना १२१ वर बाद. ०-३. घरी ओळीने जिंकलेल्या १८ मालिकांची साखळी तुटली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कलकत्त्याला १२४ धावांसाठी आपल्याला ९३ वर गुंडाळले आणि गुवाहाटीला ४०८ धावांनी हरवले.

आता ही सगळी उदाहरणे शेजारी ठेवली तर दोन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे वेळ. परत उठायला सामने शिल्लक असावे लागतात. जिथे आपण उठलो त्या मालिका तीन, चार किंवा पाच सामन्यांच्या होत्या. दोनच सामने असतील तर पहिला हरल्यावर फार तर बरोबरी होते, मालिका जिंकता येतच नाही. २०१० मध्ये आमच्या जामठ्याला आमलाच्या नाबाद २५३ मुळे आपण एक डाव आणि ६ धावांनी हरलो आणि कलकत्त्याला शेवटच्या दिवशी अगदी थोडे चेंडू उरले असताना जिंकलो, तरी हाती काय आले? १-१. अमेरिकेत पाच आणि सात सामने ठेवतात त्यामागे पैसा असेलच, पण त्यामुळे हरलेल्याला सावरायची जागाही मिळते.

दुसरी म्हणजे खेळपट्टी. घर आपले असते म्हणून अंगण हवे तसे सारवता येते. पण फारच सारवले की आपलाच पाय घसरतो. चेंडू हातभर वळू लागला की चांगला आणि साधारण गोलंदाज यातला फरकच पुसला जातो, आणि तोटा ज्याचे गोलंदाज जास्त चांगले त्याचा, म्हणजे यजमानाचाच. याला अपवाद आहेत हे कबूल. २०२१ मध्ये चेन्नईची दुसरी खेळपट्टीही भरपूर वळत होती आणि रोहितच्या १६१ व अश्विनच्या शतकाने ती आपल्याला फळली. पण तिथेही आधी कोणीतरी उभे राहून खेळले, मग चेंडू वळला. उलटे झाले नाही.

उभे राहून खेळण्यावरून विदर्भाचा विषय निघणारच! मार्च २०२४ मध्ये नागपूरला रणजी करंडकाचा उपान्त्य सामना होता. घरच्या मैदानावर विदर्भ पहिल्या डावात १७० वर बाद, मध्य प्रदेशाला ८२ धावांची आघाडी. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीवर निकाल लागतो, म्हणजे ही ८२ धावांची आघाडी साधी नव्हती. मग यश राठोडने १४१ आणि अक्षय वाडकरने ७७ केले, दुसरा डाव ४०२ पर्यंत गेला आणि आपण ६२ धावांनी जिंकलो. अंतिम सामना मुंबईत, मुंबईच्या अंगणात. पहिल्या डावात १०५ वर बाद होऊनही ५३८ चा पाठलाग करताना आपण ३६८ केले आणि हरलो. पुढच्याच वर्षी नागपूरला उपान्त्य सामन्यात मुंबईलाच ८० धावांनी हरवले. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी अवस्था होती. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ ची भागी केली, दानिशने १५३ केले आणि ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. २०१७-१८ चा पहिला करंडक आठवा. त्या वर्षीच्या उपान्त्य सामन्यात कर्नाटकाने ११६ धावांची आघाडी घेतली होती आणि रजनीश गुरबानीच्या १२ बळींमुळे आपण अवघ्या पाच धावांनी जिंकलो होतो. आमच्या संघाला मागून येण्याची सवयच आहे. ज्या प्रदेशाला सगळेच उशिरा मिळाले त्याला ही सवय लागली तर नवल ते काय!

आता जे मला खरोखर बोलायचे आहे ते. १९७४ मध्ये ०-२ झाल्यावर पानठेल्यावर शिव्या पडल्या नाहीत असे नाही. भरपूर पडल्या. पण तिसऱ्या सामन्याच्या सकाळी तीच माणसे त्याच रेडिओपाशी होती. आज हार झाली की संध्याकाळपर्यंत फोनवर एखाद्या पोराची सात पिढ्यांची उणीदुणी निघालेली असतात, आणि पुढच्या सामन्यात तो पोरगा चेंडूकडे पाहण्याऐवजी आपल्याकडे पाहत खेळतो. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे माती आणि टाळ्या असे आपण समजतो. माझ्या मते खरा फायदा म्हणजे पहिल्या हारेनंतर घरची माणसे किती दम धरतात, तेवढाच. तो आपण देणार नसू तर मग घर आणि परगाव यात फरक कोणता? पहिल्या घटक चाचणीत नापास झालेल्या मुलाला घरून मार पडला की तो वार्षिक परीक्षेत क्वचितच वर येतो. ज्याच्या घरी आईने जेवायला वाढून "पुढची कधी आहे रे?" एवढेच विचारले, तो येतो. सगळेच येतात असे नाही, पण जे येतात ते बहुधा अशाच घरचे असतात.

म्हणून यंदा हिवाळ्यात नातवंडांना जामठ्याला रणजीचा सामना दाखवायला न्यायचे ठरवले आहे. सगळे पहिल्या दिवशी जाऊ म्हणतात. मी म्हणतो, तिसऱ्या दिवशी जाऊ. तोवर कोण मागे पडले आहे ते कळलेले असते, आणि पाहण्यासारखे असते ते तिथून पुढेच.

२००४ च्या त्या कसोटीला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर आपल्यापैकी कोण कोण होते? आठवणी जरूर लिहून पाठवा.